काखेतला चेंडू आणि तिसरं भावंड

आज ‘शेरलॉक’ या बीबीसीच्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग पुन्हा लावला. शेरलॉक छतावरून उडी मारतो तेव्हा मी अजूनही त्याच्याकडे कमी आणि रस्त्यावर जास्त बघते. ही खोड तेव्हाचीच. १५ जानेवारी २०१२ ला हा भाग बीबीसीवर लागला. शेरलॉक मेला, पुरला गेला आणि शेवटच्या दृश्यात स्वतःच्या थडग्यापासून थोड्या अंतरावर धडधाकट उभा. तो वाचला कसा, याचं उत्तर मिळालं १ जानेवारी २०१४ ला!

मधल्या काळात चाहत्यांनी तो प्रसंग थांबवून थांबवून पिंजून काढला. त्याने मित्राला, वॉटसनला, त्याच जागी उभं राहायला का सांगितलं? मधल्या बुटक्या इमारतीमुळे त्याला काय दिसलं नाही? सायकलवाल्याने नेमका तेव्हाच धक्का का द्यावा? मला सगळ्यात आवडला तो चेंडूचा तर्क. आदल्या प्रसंगात शेरलॉक रबरी चेंडू आपटत बसलेला दिसतो. तो काखेत घट्ट दाबला तर मनगटाला नाडी लागत नाही. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेला होता, आणि पुढे उत्तरात तो चेंडू आलाही.

बाकी उत्तर मात्र लेखकांनी चलाखीने टोलवलं. मालिकेतल्या पोलिसांच्या फॉरेन्सिक तज्ज्ञाला, अँडरसनला, तर्कबाजांच्या मंडळाचा म्होरक्या केलं आणि खुलासा ऐकून तोच नाराज झालेला दाखवला. अनेकांना ही आपली टिंगल वाटली. मला ती पळवाट वाटली. दोन वर्षं चघळलेल्या कोड्याला पुरेल असं उत्तर कुठून आणणार?

तिसऱ्या भावंडाचा डाव त्याहून कितीतरी सरस. तिसऱ्या पर्वात शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट आणखी एका भावंडाचा ओझरता उल्लेख करतो. जाणकारांनी लगेच नाव काढलं: शेरिनफोर्ड. कॉनन डॉयलने होम्ससाठी आधी योजलेलं हे नाव, पुढे अभ्यासकांनी एका कल्पित थोरल्या भावाला चिकटवलेलं. चौथ्या पर्वात मायक्रॉफ्टच्या तोंडी ते आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, जिंकलो. निघाला तो तुरुंग, आणि भावाच्या जागी बहीण, युरस. चाहत्यांच्या अभ्यासालाच गळ लावलेला! तरी यात फसवणूक नव्हती. युरस आधीच समोर येऊन गेली होती, बसमधली बाई म्हणून, वॉटसनची थेरपिस्ट म्हणून.

जानेवारी २०१७ मध्ये पर्व संपलं, तरी काहींना वाटत होतं की एक गुप्त भाग उरलाय आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या मालिकेच्या नावाखाली तो लागणार. लागली ती दुसरीच मालिका. तिथे माझी सहानुभूती संपते. चेंडूवाल्यांनी पडद्यावर दिसलेल्यातून उत्तर काढलं होतं. यांचं उत्तर आधीच ठरलेलं, आणि समोर जे येईल ते त्याचाच पुरावा.

उद्या चौथं पर्व. बसमधली ती बाई वॉटसनला फक्त ‘ई’ एवढंच नाव देते. तिथे थांबवून तिचा चेहरा नीट बघायचाय.