सामू सारखाच, तरी आम्ल वेगळं

दोन शंकुपात्रं घ्या. एकात 25 मिली 0.001 मोलर (म्हणजे लिटरमागे 0.001 मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात तेवढंच 0.1 मोलर अ‍ॅसेटिक आम्ल. वैश्विक दर्शकाची, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणारी पट्टी बुडवली तर दोन्हीकडे रंग जवळजवळ एकच. पहिल्याचा सामू (pH, आम्लतेचं माप) 3, दुसऱ्याचा साधारण 2.9. आता दोन्हींत फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन-दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मापननळीतून, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. पहिलं 0.25 मिलीत, म्हणजे पाचेक थेंबांत गुलाबी होतं. दुसऱ्याला पुरते 25 मिली लागतात.

सामू फक्त त्या क्षणी पाण्यात मोकळे असलेले हायड्रोजन आयन मोजतो, पात्रात एकूण आम्ल किती आहे ते नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाचे रेणू पाण्यात जवळपास सगळे फुटतात, म्हणून ते तीव्र. अ‍ॅसेटिकचे या संहतीला (द्रावणातल्या प्रमाणाला) शंभरातले जेमतेम सव्वा-दीड फुटतात, म्हणून ते सौम्य. पण आम्लारीने, इथे सोडियम हायड्रॉक्साइडने, मोकळे आयन उचलले की समतोल राखायला आणखी रेणू फुटतात, आणि साठा संपेपर्यंत हे चालूच राहतं.

तीव्र-सौम्य हा आम्लाचा स्वभाव, संहत-विरल हे पाण्यातलं प्रमाण. या दोन जोड्यांची गल्लत सर्रास होते. सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हा तर धोकादायक गैरसमज. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्यच आहे, पण हाताळायला सगळ्यात भयंकर आम्लांपैकी एक.

दर्शक निवडतानाही हा स्वभाव आडवा येतो. वरच्या अ‍ॅसेटिकच्या पात्रात मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक टाकलं तर? त्याचा रंग 3.1 ते 4.4 या सामूत पालटतो. आठेक मिली सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की द्रावण पिवळं होऊन बसतं, आणि दोन तृतीयांशाहून जास्त आम्ल तसंच शिल्लक! खरा समतुल्य बिंदू, म्हणजे आम्ल आणि आम्लारी बरोबर फिटतात ती जागा, सामू 8.7 च्या आसपास येतो, कारण तयार झालेला सोडियम अ‍ॅसेटेट स्वतःच किंचित आम्लारिधर्मी असतो. फिनॉल्फ्थॅलीन 8.2 ते 10 मध्ये पालटतं, म्हणून इथे तेच हवं.

उत्तर चुकतं ते बहुधा हाताने. ब्युरेट पाण्याने धुतल्यावर त्यात भरायच्या द्रावणानेच खंगाळायची, नाहीतर उरलेलं पाणी द्रावण विरल करतं. शंकुपात्र मात्र नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने. आम्लाने खंगाळलंत तर मोजलेल्या 25 मिलीत न मोजलेलं आम्ल मिसळतं. तोटीतला हवेचा बुडबुडा आधी काढा, तो मध्येच सुटला तर वाचन तेवढं जास्त येतं.

सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून अचूक द्रावण बनत नाही, कारण ते हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. त्याची संहती स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लावरून ठरवतात: 1.576 ग्रॅम तंतोतंत तोलून 250 मिली द्रावण केलं की ते 0.05 मोलर होतं. त्याचा रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून 25 मिलीला 0.1 मोलर आम्लारीचे 25 मिलीच लागतात.

शेवटची फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. नंतर ती उडाली तरी आणखी थेंब टाकू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे ती उडते.