दहा रुपये, पांडुरंगाच्या पायावर

आषाढी वारी सगळ्यांना ठाऊक असते. माउलींची आणि तुकोबांची पालखी, रिंगण, लाखोंची गर्दी. कार्तिकीचं तसं नाही. कोल्हापूर, सांगली, कोकण, सीमाभाग इथून गावोगावच्या लहान दिंड्या आपापल्या वाटेनं निघतात. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि शेवटी पिठाची पोती, भांडी, वळकट्या भरलेला टेम्पो. आषाढी एकादशीला झोपलेला देव कार्तिकीला उठतो, म्हणून या एकादशीला प्रबोधिनी म्हणतात. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला आणि ही एकादशी त्यानंतर नऊ दिवसांनी. भावाला ओवाळलं, माहेरचा फराळ पिशवीत घातला की आमच्या भागातल्या बायका दिंडीला मोकळ्या.

मी हातकणंगले तालुक्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत बसते म्हणून मला हीच वारी जमते, आणि आता मनापासून हीच आवडते. जयसिंगपूर, मिरज, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला असा आमचा रस्ता. दिंडीत मला सगळे 'बाई' म्हणतात, वाटेवरचे मात्र सगळ्यांनाच 'माउली'.

कार्तिकात आमच्याकडे गावोगावच्या देवळांत काकडा चालू असतो, कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. त्यामुळे मुक्काम कुठल्याही गावात असो, पहाटे चारला कुणाला हाक मारून उठवावं लागत नाही. गावकऱ्यांचा काकडा, त्यातच आमचा आवाज. थंडी सुरू झालेली असते. तेवढ्यात शेजारच्या घरातून कुणीतरी बंब पेटवल्याचा धूर येतो आणि अंगणातून हाक येते, "बायांनो, पाणी तापलंय, अंघोळीला चला." ज्या घरातली माणसं रात्रीपर्यंत आपल्या ओळखीची नव्हती, त्यांच्या न्हाणीघरात आपण पहाटे अंघोळ करतो. त्या घरची सून आपली साडी पिळून वाळत घालते. नको म्हटलं तर ऐकत नाही.

कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षाच्या फळछाटण्या झालेल्या असतात, फवारणीची धांदल असते. या दिवसांत बागाईतदाराला मान वर करायला सवड नसते. तरी एक दादा ब्लोअर बंद करून, तोंडावरचा रुमाल सोडत रस्त्यावर आला. म्हणाला, "चहा झाल्याशिवाय सोडणार नाही." चहाबरोबर परातभर चकल्या, शंकरपाळ्या, करंज्या. त्याची आई वाढता वाढता सांगत होती की यंदा लेक भाऊबीजेला आली नाही, तिच्या वाटणीचं तुम्ही खा. आमच्यातल्या एका आक्कांनी तिच्या हातातून परात घेतली, तिला शेजारी बसवलं आणि आपल्या हातानं एक करंजी भरवली. दोघी डोळे पुसत होत्या. नाव-गाव काही विचारलं नाही कुणी कुणाला.

मला या वाटेवर सगळ्यात मोठी वाटते ती पाया पडायची रीत. शाळेत मुलं माझ्या पाया पडतात, मी आशीर्वाद देते, तिथं ते संपतं. वारीत कुणी पायाशी वाकलं की आपणही तसंच वाकायचं. वय, जात, पैसा, शिक्षण काही विचारायचं नाही. देणारा पाया पडतो, घेणाराही पडतो. त्यामुळे जेवू घातल्याचा ताठा कुणाच्या मानेत राहत नाही आणि जेवल्याचं ओझं कुणाच्या छातीवर राहत नाही. माणसांनी माणसांशी कसं वागावं याची इतकी साधी तजवीज मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आमच्या संतांनी ती घालून दिली आणि अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी शेकडो वर्षं सांभाळली.

या सगळ्यात माझी यंदाची वारी जिच्यामुळे वेगळी झाली ती बाई भेटली आमच्याच ऊसपट्ट्यात, मिरज अजून यायचं होतं तेव्हा. हंगाम नुकताच सुरू झाला होता. रस्त्याकडेच्या फडात तोड चालली होती, टायरगाड्या उभ्या होत्या, पलीकडे कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या. आमचे टाळ ऐकून ती फडातून धावतच आली. अंगात नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला पदर खोचलेला. बीडकडची. माझ्या डोक्यावर तुळस होती, तिकडे बघत म्हणाली, "माउली, वाईच माझ्या डोक्यावर द्या की. फड सरंपर्यंत चालते."

मी चुंबळीसकट तुळस तिच्या डोक्यावर ठेवली. हात धरायला गेले तर लागेना, तिला ओझ्याची सवय. टाळांवर पावलं टाकत ती चालली, आणि चालता चालता बोलत होती. तिच्या सासूची पायी वारी कधी चुकली नव्हती. हिला लग्नानंतर एकदाही जमली नाही. दिवाळीच्या सुमारास घर सोडायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, हंगाम संपल्यावरच माघारी. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, एक दिवस बुडाला तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. "देव तिकडं उठतो, आमी हिकडं वाकतो," एवढं म्हणून ती हसली.

फड संपला. तिनं तुळस उतरवून माझ्या हातात दिली आणि पदराची गाठ सोडू लागली. उसाच्या पाल्यानं तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरा पडलेल्या होत्या, त्यांत काळं रापलेलं. गाठ घामानं घट्ट बसली होती, म्हणून शेवटी दातानं सोडवली. आत चार घड्या घातलेली दहाची नोट. "पांडुरंगाच्या पायावर ठिवा. पेटीत नगं टाकू, पायावर ठिवा." मग ती वाकली, मी वाकले, आणि ती पळत फडात गेली.

पुढे जुनोनी लागते. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी याच गावाजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत भरधाव गाडी शिरली. आमच्याच जिल्ह्यातल्या, करवीर तालुक्यातल्या जठारवाडीची दिंडी होती. सात वारकरी गेले. तेव्हापासून आम्ही अंधार पडायच्या आत मुक्काम गाठतो, पहाटे निघताना पुढं-मागं लाल बावटा आणि बॅटरी घेऊन माणसं ठेवतो, चमकणारी जाकिटं घालतो. त्या ठिकाणी दिंडी थांबते, अभंग होतो आणि पुढे निघते. मी तिथं उभी असताना बाजूनं गाड्या जात होत्या. काही चालक वेग कमी करत, काच खाली घेऊन हात जोडत. काही तशाच सुसाट. दिवाळीच्या सुट्टीत या रस्त्यानं फिरायला निघणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पताका दिसली की ब्रेकवर पाय ठेवा. ती माणसं कुणाच्या तरी घरातून दही-साखर हातावर घेऊन निघालेली असतात.

दशमीला पंढरपूर आलं. आमच्या दिंडीची रीत अशी की चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीचं दर्शन, कळसाला हात जोडायचे आणि नगरप्रदक्षिणा करायची. कळस दिसला म्हणजे वारी पावली, पायापर्यंत जायचा हट्ट कुणी धरत नाही. एरवी माझाही नसतो. पण पिशवीत ती नोट होती आणि सांगणारीनं स्पष्ट सांगितलं होतं. मी आक्कांना सांगून दर्शनरांगेकडे निघाले. आक्का म्हणाल्या, "थांब, मीबी येते. एकटीनं रात्र कशाला काढतीस?" गुडघे धरलेली बाई, तरी आली.

रांग गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत गेली होती. यात्रेच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. देव झोपत नाही, चोवीस तास उभा राहून भेट देतो, पाठीला टेकायला तेवढा एक लोड. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण रात्री दोनला पत्र्याखाली, दमलेल्या पायांवर उभं असताना त्याचा अर्थ अंगात शिरला. तोही आपल्यासारखाच उभा आहे, आपल्यासाठीच ताटकळला आहे. महापूजेच्या वेळी रांग थांबली, तेव्हा पुढच्या एका आजोबांनी घोंगडी अंथरून आक्कांना बसायला दिली आणि स्वतः बांबूला टेकून राहिले. मला रडू आलं. मागायला माझ्याकडे बरंच होतं त्या दिवसांत, घरातलं, तब्येतीचं. मी ते सगळं मनात घोळवत होते, आणि दर वेळी मध्येच दातानं गाठ सोडवणारी ती बाई डोळ्यापुढं यायची.

एकादशीला दिवस वर आला तेव्हा गाभाऱ्यात पोचलो. उंबऱ्याच्या आत गेल्यावर फार वेळ मिळत नाही. मी नोट उलगडली, पायावर ठेवली, कपाळ टेकवलं. माझं मागणं राहूनच गेलं. तोंडातून आलं ते असं की, तिला यायला जमलं नाही, तिनं पाठवलंय. तोवर पाठीवर हात पडला, "चला माउली, पुढं चला."

बारस सोडून, चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का घेऊन एस.टी.नं परतलो. गाडी त्याच रस्त्यानं आली. तो फड केव्हाच तुटला होता, कोप्या हलल्या होत्या, नुसतं पाचट पडलं होतं. टोळी आता कुठल्या शिवारात असेल कोण सांगणार.

आमच्या शाळेपासून कारखाना जवळ आहे. दिवाळीनंतर तिथं तळावर टोळ्या उतरतात आणि त्यांची मुलं दिवसभर कोपीपाशी धाकटी भावंडं सांभाळत असतात. मुख्याध्यापकांना विचारून मी शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच प्रसाद आणि हजेरीची वही घेऊन तळावर गेले. बायका तोडीवर गेलेल्या, एक म्हातारी चुलीशी होती. तिला बुक्का लावला, ती माझ्या पाया पडली, मी तिच्या. मग शेजारी बसून मुलांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. सहा नावं झाली. सातवी मुलगी कडेवर भाऊ घेऊन लांब उभी होती. शाळेत येशील का विचारलं तर म्हणाली, "ह्याला घिऊन येऊ का?"

म्हटलं, घेऊन ये.