तुम्ही विचारलंत म्हणून : आडवी पडलेली घोडी मी का उठवली

लग्नात भेटा, बाजारात भेटा, विचारणं एकच. "वहिनी, धनुर्वात झालेली घोडी तुम्हीच वाचवलीत ना? डॉक्टर नको म्हणत होते, मग एवढा अट्टहास कशाला केलात?" काहींना कौतुक असतं, काहींच्या डोक्यात माझ्या मोडलेल्या पाटल्यांचा हिशेब. आजवर "झालं बाई देवाच्या कृपेने" म्हणून विषय संपवत आले. पण माझ्या पाठीमागे वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, म्हणून एकदाच काय ते सांगते.

पैशाचं आधी. हो, पाटल्या मोडल्या. आमच्या या घोडीला, रेशमाला, आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणली. पाच लग्नसराया तिच्या पाठीवर नवरदेव बसले आणि त्या पैशावर लेकीच्या फिया भरल्या. बैल आजारी पडला तर कोणी असं विचारत नाही. आणि जनावरापायी एवढं कशाला म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की साप चावल्यावर माणसाला जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातूनच तयार होतं. रेशमाला धनुर्वातावर जी इंजेक्शनं दिली, तीही घोड्याच्याच रक्तातून आलेली. तेव्हा हिशेब मांडायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी मांडा.

मांडवाचा खिळा तिच्या खुरात शिरला होता. त्याच दिवशी काढला, जखम धुतली, इंजेक्शन दिलं. जखम भरतही आली. मग एका सकाळी चंदी, म्हणजे तिचा दाण्याचा खुराक, तशीच उरलेली दिसली. तोंड उघडेना, शेपूट वर ताठ, चारी पाय फाकवून उभी. मी टाळी वाजवली तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक फिकट पडदा सरकला आणि अर्धा डोळा झाकून गेला. डॉक्टरांनी तेवढं पाहूनच ओळखलं. निम्म्याहून जास्त घोडी यातून उठत नाहीत, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. कोणी अंधारात ठेवलं नव्हतं. धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूंना चिकटलं की इंजेक्शनने सुटत नाही, इंजेक्शन फक्त रक्तात फिरणारं विष मारतं. पुढचं शरीराने हळूहळू निस्तरायचं आणि तोवर आपण तिला उजेडापासून, आवाजापासून जपायचं. तबेल्याला ओली गोणपाटं लावून अंधार केला. कानांत कापूस घातला. मान खाली जात नव्हती म्हणून बादली छातीच्या उंचीला टांगली. पेनिसिलिन, गुंगीचं औषध, नाकातून नळी घालून पातळ पेज, सगळं डॉक्टर सांगतील तसं चाललं होतं. ती उभी होती, म्हणून आम्हाला आशा होती.

ती आशा एका वरातीने मोडली. ऐन लग्नसराई, गावातल्याच घरचं लग्न. आमचे हे आधी जाऊन हात जोडून आले होते, त्या मंडळींनी होही म्हटलं होतं. तरी डीजे आमच्या वळणावर आला तो पूर्ण आवाजात. तबेल्याचे पत्रे थरथरायला लागले. जी घोडी बँडच्या पुढ्यात कान न हलवता उभी राहायची, तिचं अंग एका क्षणात ताठलं आणि ती ओंडक्यासारखी आडवी झाली. मी अनवाणी धावत जाऊन जनरेटरच्या गाडीसमोर उभी राहिले. काय ओरडले ते आठवत नाही. नवरदेवाच्या मामांनी हात वर केला, आवाज थांबला. त्या वरातीतल्या घोडीचा मालक आमच्याच धंद्यातला. लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन तो माझ्यामागे आत आला.

रेशमा घामाने निथळत होती. झटका आला की पाय जमिनीवर आपटत होते, डोक्याखाली ठेवलेली पोती सरकत होती. डॉक्टर रात्रीच आले. बराच वेळ तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "वहिनी, धनुर्वातात आडवं पडलेलं घोडं सहसा उठत नाही. तिचे हाल होतायत. एक इंजेक्शन देतो, शांत जाईल." आबा दारात उभे होते. जन्म घोड्यांत गेलेला माणूस. तेही म्हणाले, "पोरी, हो म्हण. घोडं पडलं की अडवू नये."

मी हो म्हणणारच होते. शेवटचं म्हणून गुळाच्या पाण्यात बोटं बुडवून तिच्या ओठांना लावली. ओठ हलले. माझा तळहात चाचपल्यासारखे हलले. डॉक्टर म्हणाले, तो झटकाही असू शकतो. मी म्हटलं, नाही, ती मागतेय.

सगळा निर्णय तेवढ्यावर झाला.

विहिरीतून मोटर काढायची चेनपुली आणली, तीन खांबांचं तिकाटणं उभं केलं, ताडपत्री दुमडून पोटाखालून घेतली. वरातीतली पोरं नव्या कपड्यांनिशी हातभार लावायला आली. उजाडेपर्यंत ती ताडपत्रीच्या आधाराने पायांवर होती. पुढे कित्येक दिवस पाळ्या लावल्या, घासलेल्या कातडीला मलम लावलं, लीद हाताने काढली. पहिल्यांदा तिने स्वतः लसूणघास चावला तेव्हा त्या करकर आवाजाने घरातली सगळी तबेल्यात जमली. चालायला दीड-दोन महिने गेले. आणि हे घोडेवाल्यांनी नीट ऐका : एकदा धनुर्वात होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही असं मुळीच नाही. बरी झाल्यावर तिला लस द्यावीच लागली, आजही चुकवत नाही.

आता जे विचारता ते. मी बरोबर केलं का? ती बरी झाल्यावर मी आबांना जरा तोऱ्यातच म्हटलं होतं, "बघा, उठली." ते म्हणाले, "उठली म्हणून तू बरोबर. त्या रात्रीनंतर आठ दिवस तडफडून गेली असती तर?" तेव्हा राग आला. आज त्या रात्रीच्या मला मीच विचारते, तुला तिचे हाल दिसत नव्हते का? ती म्हणते, दिसत होते, पण ओठ हलले होते. मी म्हणते, तो झटका असेल तर? यावर तिच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. रेशमा मला हवी होती, हेही त्यात होतं. किती होतं, ते मला वेगळं काढून दाखवता येत नाही. पण डॉक्टरांचं मी ऐकलं नाही म्हणून ते चुकले, असं कोणी माझ्या नावावर सांगू नका. त्यांनी योग्य तेच सांगितलं होतं आणि मी नाही म्हटल्यावर तेच तिच्यासाठी जागले.

मागे ओळखीतल्या एकाचा फोन आला. घोडं आडवं झालंय, उठवू का? गिळतंय का विचारलं. डॉक्टर काय म्हणतात, धरायला माणसं किती, तेही विचारलं. उठवा असं मी म्हटलं नाही, जाऊ द्या असंही नाही. चेनपुली हवी असेल तर आत्ता पाठवते, एवढंच म्हटलं.