तात्यांचा पावसाचा आकडा

मंगळवार, रात्री

आज पहाटेच आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर फोटो आला. टॉर्चच्या उजेडात धरलेलं द्राक्षाचं पान, वर तेलकट डाग. टाकणारा निफाडकडचा तरुण पोरगा, बाग पहिल्यांदाच एकट्याच्या अंगावर पडलेली. लगेच पिंपळगावहून उत्तर, "भाऊ, पान उलटं करून दाखव." मागे पांढरी बुरशी. डाऊनीच, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग. मग शेवटची फवारणी कधीची, पानं किती वेळ ओली होती, सगळं विचारून घेतलं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस झाला की घडच हातचे जातात, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

उत्तर देणाऱ्याची स्वतःची फवारणी बाकी होती. यात त्याला रुपया मिळत नाही, उलट बाजारात दोघांचा माल शेजारीशेजारी उभा राहणार. तरी का लिहितो?

"आपल्यालाही कुणीतरी सांगितलं होतं" असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पण तेवढ्यावर माणूस रोज लिहीत नाही. आमचे मोहाडीचे तात्या ना सल्ला देतात, ना सुप्रभात टाकतात. पर्जन्यमापक बघून एकच ओळ: "मोहाडी, खालचं शिवार, १८ मिमी." मध्यंतरी तीही थांबली. मग दिंडोरीच्या एका ताईंनी लिहिलं, "तात्या, आकडा आला नाही. मी तुमच्या आकड्यावर फवारणी ठरवते." दुसऱ्याच सकाळी आकडा हजर, आणि आता सोबत दवाचीही नोंद असते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या 'मूव्हीलेन्स' या चित्रपटांना गुण देण्याच्या संकेतस्थळावर संशोधकांनी हेच तपासलं होतं, २००४ साली ते प्रसिद्ध झालं. तुमची भर इतरांपेक्षा वेगळी आहे, असं ज्यांना कळवलं त्यांनी जास्त चित्रपटांना गुण दिले. नेमकं उद्दिष्ट दिलं तेव्हाही तसंच.

म्हणूनच "सर्वांनी माहिती शेअर करावी" या ॲडमिनच्या मेसेजने कुणी हलत नाही. आणि औषधं विकणारे घुसले की जाणकार गप्प होतात, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा मला फार राग येतो.

सटाण्याच्या एक काकू सगळं वाचतात, लिहीत कधीच नाहीत. त्यांच्याकडे अर्ली छाटणी, म्हणजे फुलोरा भर पावसाळ्यात. पावसातला फुलोरा त्यांच्याइतका आमच्यात कुणी सांभाळलेला नाही. उद्या त्यांनाच थेट विचारणार आहे: काकू, झड लागली की तुम्ही उघडिपीची वाट बघता, की दोन सरींच्या मध्येच फवारणी उरकता?