हंपीच्या वाटेवर लक्कुंडी

पुणे ते हुबळी हा रस्ता मी नुसता कापला. एकटीने गाडी चालवताना कुठे थांबायचं ते कोणाला विचारावं लागत नाही. गदग मागे पडलं आणि थोड्याच वेळात लक्कुंडीची पाटी दिसली. पाय मोकळे करायला म्हणून वळले आणि अख्खी दुपार तिथेच गेली.

काशीविश्वेश्वराच्या देवळात एकाच जोत्यावर दोन गाभारे समोरासमोर आहेत, मोठा शंकराचा आणि धाकटा सूर्याचा. बदामी-पट्टदकल्लचा तांबूस वालुकाश्म इथे नाही. हा उत्तरकालीन चालुक्यांच्या काळातला काळसर, मऊ दगड. त्यामुळे दारांच्या चौकटींवरची नक्षी सोनाराने केल्यासारखी बारीक आहे. खांब लेथवर फिरवून घडवलेले. त्यांचे गोल कंगोरे मी कितीतरी वेळ बघत बसले.

मी निघणार तोच तिथल्या रखवालदाराने “बर्री अक्का” म्हणून हाक मारली आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की जैन बस्ती, म्हणजे जैन देऊळ, बघितल्याशिवाय जायचं नाही. ही बस्ती म्हणजे ब्रह्म जिनालय. ते 1007 मध्ये अत्तिमब्बेने बांधवलं. चालुक्यांच्या सेनापतीच्या घराण्यातली ही सून, तरुणपणीच विधवा झालेली. कवी पोन्न याचं ‘शांतिपुराण’ काळाच्या ओघात नाहीसं होऊ नये म्हणून तिने त्याच्या एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. हे वाचल्यावर मी मंडपातच बसले. एक हजार! ताडपत्रावर, एकेक अक्षर हाताने कोरून. युरोपात छपाई यायला तेव्हा अजून साडेचारशे वर्षं होती. किती लेखनिक बसवले असतील तिने, किती पानं कापली, सुकवली असतील! कन्नड कवी रन्नानेही तिच्याच आश्रयाने 993 मध्ये ‘अजितपुराण’ लिहिलं आणि त्यात तिला दानचिंतामणी म्हणून गौरवलं. कर्नाटक सरकार आजही लेखिकांना तिच्या नावाने पुरस्कार देतं.

अहिल्याबाईंचे घाट आणि देवळं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि शेजारच्या राज्यातली ही बाई मला आजवर कोणीच सांगितली नव्हती, याचा मला खरंच राग आला. सगळ्या गाड्या इथून हंपीकडे सुसाट जातात. माझ्याशिवाय त्या आवारात होती ती शाळा सुटून आलेली चार पोरं.

मग हंपीचा नाद त्या दिवसापुरता सोडला आणि इटगीला गेले. वीसेक किलोमीटर, मधे नुसती शेतं. तिथलं महादेव मंदिर 1112 मधलं, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या महादेव नावाच्या सेनापतीने बांधलेलं. शिलालेखात या मंदिराला ‘देवालय चक्रवर्ती’ म्हटलंय, आणि त्या खांबांच्या मंडपात उभं राहिल्यावर ते पटतं.

हंपी पुढे बघितलीच. विठ्ठल मंदिराच्या दगडी रथापुढे फोटोंसाठी एवढी झुंबड, की मला धड उभं राहता येईना. गदगला मुक्काम करा असं मी आता भेटेल त्याला सांगते. जवळच्याच डंबळला दोड्डबसप्पाचं चोवीस कोनांच्या तारकाकृती आराखड्याचं देऊळ आहे, ते माझं राहिलंय. हिवाळ्यात फक्त त्याच्यासाठी जाणार आहे.