सिंगालीलातली कपाशी

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात टुमलिंगहून गैरीबासकडे उतरताना आमची सगळ्यांची नजर मालिंगोच्या, म्हणजे तिकडच्या बारक्या बांबूच्या, बेटांत रेड पांडा शोधत होती. तो दिसला नाही. दिसलं ते वाटेवर पडलेलं एक लालभडक पान.

"हे कशाचं?"

"कपासी," आमचा नेपाळीभाषक गाइड म्हणाला.

मी यवतमाळचा. दार्जिलिंगच्या डोंगरात, अडीच हजार मीटरवर हा शब्द ऐकून थांबलोच. आमची कपाशी कमरेएवढी; इथं मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी शेंडा दिसेना. पान मात्र ओळखीचं. तसाच पंजा, फक्त बोटं पाच ते सात, टोकं लांब ओढलेली, कडेला बारीक दाते. नाव पानावरूनच पडलं असणार, हा आपला माझा अंदाज.

हा पूर्व हिमालयातला मेपल. शास्त्रीय नाव एसर कॅम्पबेलाय. दार्जिलिंगचा ब्रिटिश अधिकारी आर्चिबाल्ड कॅम्पबेल याच्यावरून ते ठेवलं. वनस्पतीशास्त्रज्ञ हूकर आणि हा, दोघांना 1849 मध्ये सिक्कीममध्ये कैद झाली होती. त्याचा वचपा म्हणून इंग्रजांनी सिक्कीमचा मुलूख तोडून घेतला. याच कॅम्पबेलनं 1841 मध्ये दार्जिलिंगात चहाचं बी लावून पाहिलं. पुढे चहाचे मळे वाढले आणि चहा भरायच्या पेट्यांसाठी कपासीच्याच फळ्या निघू लागल्या. स्वतःच्या नावाच्या झाडावर आणलेली ही आफत त्याला ठाऊक होती की नाही, कोण जाणे.

फळं तर पोरांच्या खेळण्याची. दोन पंख असलेली जोडी. वाळली की फुटून एकेक पंख सुटा होतो. गाइडनं एक वर फेकला. बी एका टोकाला, म्हणून तो भिंगरीसारखा गरगरत, रेंगाळत खाली आला. आपल्या वावळीच्या झाडाची चकतीसारखी फळं नुसती तरंगतात, ही ऐट त्यांना नाही.

राष्ट्रीय उद्यानातून काही न्यायचं नाही, म्हणून पानाचा फोटो काढला आणि ते होतं तिथं ठेवलं. मानेभंजनला परतल्यावर नेटवर्क आलं तेव्हा तो बाबांना पाठवला. खाली फक्त लिहिलं, "कपासी."

पाच मिनिटांत उत्तर आलं, "कपाशीवर लाल्या रोग दिसतोय. मॅग्नेशियम सल्फेट मार."