जुलैतलं मलावी आणि एक फ्लॅश

वैद्यकीय चमूबरोबर सिस्टर म्हणून निघाले होते; मुंबईहून आदिस अबाबामार्गे आफ्रिकेतल्या मलावीत उतरेपर्यंत अंग आंबून गेलं होतं. सामानात औषधांपेक्षा टोपडीच जास्त, आईच्या भिशीतल्या बायकांनी कोथरूडला बसून विणलेली. "आफ्रिकेत कसली गं थंडी?" म्हणून सगळे हसले होते. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. ब्लांटायरच्या बाजूला सकाळी स्वेटर घालूनच ड्यूटीवर जायचे मी. थायोलोचे चहाचे मळे जवळच, तरी मुक्कामाच्या जागी चहा पाणचट तो पाणचटच.

एका रात्री वॉर्डातली वीज गेली. बाळांना ऊब देणारे वॉर्मर बंद, जनरेटर सुरू होईना. पुण्यात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, इतकी वर्षं काढूनही पोटात गोळा आला. तिथल्या सिस्टरनं मात्र आयांना हाका मारल्या आणि मोबाईलचा टॉर्च दातात धरून कामाला लागली. बाळाचं झबलं काढलं. अंगावर फक्त लंगोट, टोपडं, पायमोजे. बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट दबत नाही. वरून चितेंजे, तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड, काखेखालून घट्ट. एकीचं सिझेरियन झालेलं, तिला बसवेना. तिच्या सासूनं काही न बोलता बटणं काढली आणि नातू स्वतःच्या छातीशी बांधून घेतला. तासाभरानं थर्मामीटर लावला: ३६.८ सेल्सियस, अगदी नॉर्मल.

तेवढ्यात फ्लॅश! आमच्याच चमूतल्या एका डॉक्टरांना ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता. "सर, तिला विचारलंत का?" तर म्हणे, "चांगल्याच कामाचा आहे ना!" पुण्यात बाळंतिणीचा पदर बाजूला असताना फोन काढून दाखवावा, नातेवाईक तिथंच चोप देतील. मी फोटो डिलीट करायला लावला. सर पुढे माझ्याशी बोलले नाहीत, बरंच झालं.

बाळाला असं उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, तीही इनक्युबेटर पुरेनात म्हणून. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या बाळाला दिवसातले ८ ते २४ तास असं धरा. आणि आपल्याकडे? काढलेल्या दुधाची वाटी सिस्टरच्या हाती देऊन आई बाहेर बाकावर, भेटीची वेळ होण्याची वाट बघत. यंत्रं चकचकीत आहेत म्हणून आईला दाराबाहेर ठेवायचं, हे मला आता बघवत नाही.

परतल्यावर, आयांना बाळ छातीशी धरून बसता यावं म्हणून, मेट्रनबाईंकडे मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या मागितल्या. "इन्फेक्शनचं काय?" पासून "जागा कुठंय?" पर्यंत सगळं ऐकून झालं. शेवटी आम्ही सिस्टर मंडळींनीच वर्गणी काढली. दोन खुर्च्या आल्यात, तिसरीसाठी भवानी पेठेतल्या फर्निचरवाल्याशी घासाघीस चालू आहे.